कुजबुजीची कमान

गेर्नोट पोल गाडीतून उतरला तेव्हा त्याच्या एका हातात फुलं होती आणि दुसऱ्या हातात घडी घातलेला कागद. फुलं माझ्या बायकोसाठी होती. कागद त्याच्या नातीनं संगणकावरून छापून दिला होता: 'ग्योर्लिट्समधली चुकवू नयेत अशी दहा ठिकाणं.'

"लोर्शेन!" फलाटाच्या पार त्या टोकाकडून तो ओरडला.

माझ्या बायकोचं नाव आनेलोरे. अठ्ठेचाळीस वर्षं मी तिला आनेलोरेच म्हणत आलोय, हजेरी घेताना म्हणावं तसं, पूर्ण. हे लाडाचं 'लोर्शेन' मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. आणि तिनं त्याला ओ दिली. थांबून, आठवून नव्हे. जणू काल संध्याकाळपर्यंत कुणीतरी तिला त्याच नावानं हाक मारत होतं.

तिथूनच माझ्या पोटात दुखायला लागलं.

आधी पत्राचं सांगतो. वर्गातल्या मुलांना मी नेहमी म्हणायचो, गोष्टीत कुणाला काय हवंय ते लवकर सांगून टाका, नाहीतर ऐकणारा चुळबुळ करतो. तर तीन आठवड्यांपूर्वी ल्युबेकहून गेर्नोटचं पत्र आलं होतं. त्याची बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. घर समुद्रापासून जवळ, वरची खोली रिकामी. आनेलोरेनं ऑगस्टमध्ये तिथं राहायला यावं, हवे तितके दिवस. आणि हो की नाही ते तो मे महिन्यात स्वतः येऊन तिच्या तोंडून ऐकेल. शेवटी एक ओळ: 'तुझ्या नवऱ्याला माझा नमस्कार.' खोली तिला, नमस्कार मला.

आनेलोरेनं पत्र मला वाचायला दिलं, मग साखरेच्या भांड्याखाली ठेवलं, आणि ते तिथंच राहिलं. रोज सकाळी कॉफीत साखर घालताना मला त्याचा कोपरा दिसायचा. ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही. तिनं 'नाही' म्हणावं एवढंच मला हवं होतं. पण ते मी मागणार नव्हतो. मागून मिळालेलं 'नाही' काय कामाचं?

गेर्नोटला मी कधी पाहिलं नव्हतं, नुसता ठाऊक होता. १९५९ साली नाचाच्या वर्गात तो आणि आनेलोरे जोडीनं नाचायचे, आणि त्याच वर्षी पानगळीच्या दिवसांत, 'आठवडाभर मावशीकडे जाऊन येतो' असं सांगून तो बर्लिनमार्गे पश्चिम जर्मनीत गेला तो गेलाच. दोन वर्षांनी आमचं लग्न झालं. त्याच उन्हाळ्यात बर्लिनमध्ये भिंत उभी राहिली. त्या भिंतीनं आमच्या पिढीचं पुष्कळ वाटोळं केलं. माझा सख्खा भाऊ तिच्या पलीकडे वारला, मला जाता आलं नाही. तरी एक गोष्ट कबूल करतो. कधीकधी, अगदी क्वचित, मला तिचा आधार वाटायचा. गेर्नोट तिच्या पलीकडे होता.

आता तो अलीकडे होता. उंच, पांढरे केस मागे फिरवलेले, उजव्या पायानं जरा लंगडणारा, जहाजांमध्ये विजेच्या तारा ओढण्यात जन्म घालवलेला माणूस. आमच्याकडे दोघांत जो थोरला असेल त्यानं आधी म्हणायचं असतं, 'आपण आता अरेतुरे करूया.' मी त्याच्यापेक्षा चौदा महिन्यांनी थोरला. मी काही म्हणालो नाही.

"नमस्कार, क्रेचमर गुरुजी," तो हसत म्हणाला. "तुम्ही अडतीस वर्षं तिसरीच्या मुलांना हे गाव शिकवलंत असं कळलं. म्हणजे ही यादी तुमच्यासमोर काढायची मला भीतीच वाटते."

मी यादी घेऊन वाचली. "क्रम चुकलाय. असं गेलात तर एकच चौक तीनदा ओलांडाल. चला, मी नेतो."

"सीगमार, मी दाखवणार होते ना त्याला?" आनेलोरे म्हणाली.

"तुला सालं आठवत नाहीत."

"त्याला कुठं सालं हवीत!"

"इथं जन्मलेल्या माणसाला तर हवीतच," मी म्हणालो आणि दोघांच्या मधून चालायला लागलो.

वर्गात दोन मुलं कुजबुजत असली तर त्यांच्यावर ओरडायचं नाही. ओरडलं की कुजबुज वाढते. एखादं शांत मूल उचलून दोघांच्या मध्ये बसवायचं, बस्स. त्या दिवशी ते शांत मूल मी होतो. फक्त शांत नव्हतो.

जाड्या बुरुजापाशी आलो. यादीत पहिला. मी सांगायला सुरुवात केली, "तळाशी भिंतीची जाडी पाच मीटरच्या वर..."

"लोर्शेन, तुझ्या बुटाची टाच इथंच तुटली होती, आठवतं?"

"टाच नाही रे, पट्टा! आणि तू मला पाठुंगळी घेऊन घरी नेणार होतास. दहा पावलांत धापा टाकायला लागलास."

"बारा!"

"दहा. मी मोजत होते."

दोघं माझ्या डोक्यावरून हसले. मी बुटका नाही, पण ते दोघं उंच आहेत. हे मला इतक्या वर्षांत कधी जाणवलं नव्हतं.

"पाच मीटरच्या वर," मी पुन्हा म्हणालो.

"लिहून घेतो, गुरुजी," गेर्नोट म्हणाला, आणि आनेलोरे परत हसली. ती घरी हसत नाही असं नाही. पण घरी ती रेडिओ ऐकून हसते.

वरच्या चौकातून खालच्या चौकाकडे जाताना मी जाहीर केलं, की त्या यादीत नगरगृहाचा मनोरा नाही ही मोठी चूक आहे, आणि जेवणाआधी आपण तो चढणार आहोत. सुमारे दोनशे पायऱ्या. त्याचा गुडघा मी फलाटावरच पाहून ठेवला होता. हे लिहिताना मला चांगलं वाटत नाही, पण त्या वेळी फार चांगलं वाटलं होतं.

खालच्या चौकात कुजबुजीच्या कमानीपुढे रांग होती. एका जुन्या घराच्या दाराची ही दगडी कमान. तिच्या कडेनं एक खोलगट पन्हळ जाते, जमिनीपासून वर चढून पलीकडे जमिनीपर्यंत. एका टोकाला पन्हळीत तोंड घालून अगदी हलकं बोललं, की दुसऱ्या टोकाला कान लावलेल्या माणसाला शब्द न शब्द ऐकू येतो. मध्ये उभ्या असलेल्याला काही नाही. शेजारच्या बाउत्सन गावाहून सहलीला आलेला तिसरीचा एक वर्ग तिथं उभा होता, आणि एक ठेंगणी मुलगी पन्हळीत किंचाळत होती, "ऐकू येतंय का?"

"चौकभर येतंय," पलीकडचा मुलगा म्हणाला. "माझ्या आज्जीला घरी येत असेल!"

त्यांच्या बाई बिचाऱ्या घामाघूम झाल्या होत्या. मला राहवलं नाही. मी मुलीजवळ खाली बसलो. "नाव काय तुझं, बाळ?"

"थेक्ला."

"थेक्ला, ओरडलीस तर दगडाला राग येतो. घसा बंद ठेवायचा आणि नुसत्या श्वासानं बोलायचं. आणि एक गंमत सांगू? श्वासाला आवाज नसतो. तू कुजबुजलीस काय, मी कुजबुजलो काय, सारखंच. पलीकडच्याला फक्त शब्द कळतात, माणूस कळत नाही."

तिनं करून पाहिलं. पलीकडचा मुलगा कानापासून मानेपर्यंत लाल झाला. काय म्हणाली ते तिनं मला सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. शिकवणं एवढ्यावर थांबवायचं असतं.

मुलं गेली. आता आमची पाळी. "मी आणि गेर्नोट," आनेलोरे म्हणाली आणि माझ्याकडे न बघता उजव्या टोकाला जाऊन तोंड पन्हळीला लावलं. गेर्नोट डावीकडे गेला. मी मधोमध उभा राहिलो, जिथं काही ऐकू येत नाही तिथं.

तेवढ्यात एका कुटुंबानं गेर्नोटला गाठलं. आमचा फोटो काढाल का? तो कारंज्याकडे गेला. आनेलोरेचं तोंड भिंतीकडे. तिला काही दिसलं नाही.

मी दोन पावलं डावीकडे सरकलो आणि कान दगडाला लावला.

"गेर्नोट," दगडातून आलं, इतकं जवळून की मानेवर काटा आला, "त्यानं मनोऱ्याचं नाव काढलं की गुडघा दुखतो म्हण. नाहीतर तो आपल्याला अंधार पडेपर्यंत पायऱ्या मोजायला लावेल."

'तो' म्हणजे मी. 'आपल्याला' म्हणजे ते दोघं.

एवढ्या वर्षांत आनेलोरे माझ्याशी भांडली, माझ्यावर रुसली, एकदा तर चार दिवस बहिणीकडे जाऊन राहिली. पण माझ्या विरुद्ध दुसऱ्या कुणाशी तिनं संगनमत केलं नव्हतं. मी मान हलवून बाजूला व्हायला हवं होतं. त्याऐवजी मी तोंड पन्हळीत घातलं. घसा बंद ठेवला. नुसत्या श्वासानं विचारलं:

"ऑगस्टमध्ये येशील ना, आनेलोरे?"

आणि पटकन कान लावला.

कारंज्याजवळ गेर्नोट म्हणत होता, "सगळ्यांनी हसा, धाकट्यानंसुद्धा!" मग दगडातून एकच शब्द आला.

"येईन."

मी वळून पाहिलं तेव्हा ती पर्स उघडून रुमाल शोधत होती. गेर्नोट परत आला. "अरेच्चा, माझी पाळी गेली वाटतं," तो म्हणाला.

"गेली," मी म्हणालो.

मनोऱ्याचं नाव मी परत काढलं नाही. तिनं माझ्याकडे एकदा निरखून पाहिलं, इतकंच.

जेवायला आम्ही तळघरातल्या जुन्या खाणावळीत बसलो. आमच्याकडे सुकवलेली नासपती आणि आलुबुखार घालून धुरावलेलं डुकराचं मांस शिजवतात आणि पिठाच्या उकडलेल्या गोळ्यांबरोबर वाढतात. त्या पदार्थाचं नाव 'स्वर्गराज्य'. गेर्नोटनं डोळे मिटून पहिला घास घेतला. "पन्नास वर्षं, लोर्शेन! तिकडं कुणाला येतच नाही हे. सगळे मासे खातात."

"मासे चांगले असतात," आनेलोरे म्हणाली.

तिला मासे आवडत नाहीत. काट्याला घाबरते. तरी ऑगस्टची तयारी सुरू झाली होती.

गेर्नोटनं यादी काढली. "दहावं ठिकाण, पवित्र थडगं. यरुशलेममधल्या येशूच्या थडग्याची हुबेहूब नक्कल. हे कुणी बांधलं गुरुजी?"

याचीच मी वाट पाहत होतो. "इथल्या एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या पोरानं," मी म्हणालो. "पाचशे वर्षांहून जास्त झाली. शेजारच्या मुलीला त्याच्यापासून दिवस गेले आणि त्यानं लग्न करायला नकार दिला. गावात बोभाटा झाला, तसा हा निघाला तीर्थयात्रेला. जितकं लांब जाता येईल तितकं लांब. सगळं निवल्यावर परत आला, मोठा माणूस झाला, नगराध्यक्षसुद्धा. थडगं बांधून घेतलं. लोक फोटो काढतात. पळून जाणाऱ्यांचं असंच असतं. परत येतात तेव्हा त्यांच्या हातात काहीतरी बघण्यासारखं असतं."

मी टेबलावरच्या फुलांकडे पाहिलं.

गेर्नोटनं काटा खाली ठेवला. "हे तुम्ही तिसरीच्या पोरांना सांगायचात?"

"त्यांना मी फक्त यात्रा सांगायचो."

"आणि त्या मुलीचं काय?" आनेलोरेनं विचारलं.

"काय म्हणजे? तिचं आयुष्य गेलं."

"तसं लिहिलंय का कुठं? की तुम्ही सगळ्यांनी ठरवलंय?" ती शांतपणे गोळ्याचे दोन तुकडे करत होती. "तो हवा होता की नको होता, हे तिला कुणी विचारलं होतं का, सीगमार? तिच्या बापानं विचारलं असेल त्याला. गावानं विचारलं असेल बापाला. पाचशे वर्षं सगळे त्या पोराबद्दलच बोलतायत."

"तो इतिहास आहे," मी म्हणालो.

"तेच म्हणतेय मी."

गेर्नोट खिडकीकडे बघू लागला. तळघराची खिडकी, तिच्यातून फक्त लोकांचे बूट दिसत होते.

पीटरच्या चर्चमधला सूर्यांचा ऑर्गन, ज्याच्या दर्शनी बाजूला नळ्या सूर्यकिरणांसारख्या गोलाकार लावल्यात तो, मी त्यांना पाच मिनिटांत दाखवला. एरवी त्याला मी तास लावतो. कुठल्या सूर्याच्या नळ्या वाजतात आणि कुठल्या नुसत्या शोभेच्या, हे मुलांना ओळखायला लावतो. त्या दिवशी मला शोभेच्या नळ्यांवर बोलायची इच्छा नव्हती. तिथून उतरून नाइसे नदीवरच्या पुलावर आलो. पलीकडचा काठ पोलंड. गेर्नोट गेला तेव्हा इथं फक्त पाण्यात उभे पडके खांब होते. तो मधोमध थांबला, कठड्याला टेकला, गुडघा चोळला, आणि मग म्हणाला, अगदी सरळ, माझ्या देखत:

"लोर्शेन, तू अजून पत्राचं उत्तर दिलं नाहीस."

"दिलंय की तिनं!" मी म्हणालो. माझाच आवाज मला पातळ वाटला. "येणार आहे ती! आता काय नाटक करता दोघं माझ्यासमोर? 'येईन' म्हणाली ना तुम्हाला!"

"कधी?" गेर्नोटनं विचारलं. तो खरंच गोंधळला होता. वर्गात खरं गोंधळलेलं मूल आणि सोंग करणारं मूल यांतला फरक मला झोपेतही कळतो.

माझे कान थेट त्या बाउत्सनच्या मुलासारखे तापले.

"मला नाही म्हणाली," गेर्नोट सावकाश म्हणाला. "मी तर त्या लोकांचा फोटो..." आणि थांबला. त्याला कळलं. तो भला माणूस आहे, हसला नाही. "मी जरा पोलंड बघून येतो," म्हणाला, आणि पलीकडच्या काठाकडे लंगडत गेला.

आम्ही दोघं उरलो. खाली पाणी बांधावरून घसरत होतं.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"गेर्नोटनं मला जन्मात कधी आनेलोरे म्हटलं नाही," ती म्हणाली. "आणि भिंतीमागून 'ना' लावून प्रश्न विचारणारा माणूस मला एकच ठाऊक आहे. 'पाढे पाठ केलेस ना?' 'हात धुतलेस ना?'"

"मग 'येईन' का म्हणालीस?"

"कारण यायचंय मला. तू विचारलंस, मी खरं सांगितलं. विचारणारा खोटा होता, त्याला मी काय करू?" तिनं हात कठड्यावर ठेवला. "तीन आठवडे ते पत्र साखरेखाली पडलंय, सीगमार. मी मुद्दाम तिथं ठेवलं. रोज वाटायचं, आज हा म्हणेल, जाऊ नकोस. किंवा जा म्हणेल. किंवा भांडेल तरी. तू रोज दोन चमचे साखर घातलीस आणि पेपर वाचलास. आणि विचारलंस कधी, तर दगडाला, दुसऱ्याच्या नावानं."

"जाऊ नकोस," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे बघितलं. वर्गात चुकीचं उत्तर मनापासून देणाऱ्या मुलाकडे मी बघायचो, तसं काहीसं.

"तीन आठवड्यांपूर्वी म्हणाला असतास तर कदाचित थांबले असते," ती म्हणाली. "खरंच सांगते. आणि मग आयुष्यभर तुला ते ऐकवलं असतं. दोन आठवडे जाणार आहे मी. समुद्र आहे, वरची खोली आहे, आणि मला तिथं कुणी सालं विचारणार नाही. पंधराव्या दिवशी परत येईन."

"आणि तो?"

"तो काय? त्याला बारा पावलं वाटतात, दहाच होती. त्याच्याबरोबर पळून जायला मी वीस वर्षांची असतानासुद्धा निघाले नाही." ती थांबली. "त्यानं विचारलं होतं तेव्हा. तुला कधी सांगितलं नाही. तू कधी विचारलं नाहीस."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण लगेच दुसरा काटा टोचला: त्यानं विचारलं होतं. अर्धं शतक हे दोघांना ठाऊक होतं आणि मला नव्हतं. मत्सर हा फार चिवट विद्यार्थी आहे. एका बाकावरून उठवला की दुसऱ्यावर जाऊन बसतो.

गेर्नोट पोलंडहून परत आला. आनेलोरेनं त्याला सांगितलं, "ऑगस्टचे पहिले दोन आठवडे. मासे रोज नकोत." त्यानं मान डोलावली आणि माझ्याकडे बघितलं, मी काही म्हणतो का म्हणून. मी म्हणालो, "तिथं वरच्या खोलीत थंडी असते का? तिला पाठीचं दुखणं आहे."

"मी जाड पांघरूण काढून ठेवेन."

"दोन ठेवा."

"दोन," तो म्हणाला.

यादीतलं फक्त थडगं राहिलं होतं. गाडीला दोन तास होते. मी म्हणालो, माझे पाय दुखतात, मी इथं बाकावर बसतो, तुम्ही दोघं जाऊन या. माझे पाय दुखत नव्हते. आनेलोरेलाही ते कळलं असावं, कारण तिनं आपली पर्स माझ्या मांडीवर ठेवली आणि काही विचारलं नाही.

"वाट कुठली, गुरुजी?" गेर्नोटनं विचारलं.

तिथं जायला दोन वाटा आहेत. एक नदीकाठानं, जुन्या कोटाखालून, सफरचंदांच्या बागांमधून. मे महिन्यात ती गावातली सगळ्यात सुंदर वाट. दुसरी मोटारींच्या रस्त्यानं, दहा मिनिटांची. मी त्याला मोटारींच्या रस्त्याची सांगितली, प्रत्येक वळणासकट, नीट.

आनेलोरेनं ऐकून घेतलं. मग त्याच्या दंडाला धरून ती नदीकडे वळली, आणि ते दोघं लांबच्या वाटेनं गेले.